यजमान सापडत नाही

मिनिटे हे त्यांचं आडनाव नव्हे. बससेवेच्या वेळापत्रक विभागात सव्वीस वर्षं काढल्यामुळे, आणि ‘सात वाजून बारा’ला कुणी ‘सव्वासात’ म्हटलं की कपाळाला आठ्या पडायच्या त्यामुळे, ऑफिसातल्यांनी ते त्यांना बहाल केलं होतं. पुढे बिल्डिंगमधले लोकही मिनिटेच म्हणू लागले. खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं, तेही दोन अक्षरं झिजलेलं.

तर या मिनिट्यांच्या हाती ऑफिसचं एक पत्र पडलं. ‘आपणांस तीन महिने घरून काम करण्याची परवानगी प्रायोगिक तत्त्वावर देण्याचे विचाराधीन आहे.’ खाली नऊ अटी. सात अटी कुणालाही पाळता येण्यासारख्या होत्या, नववी कुणालाच कळण्यासारखी नव्हती. मुद्दा होता आठवीचा. येत्या शनिवारपर्यंत निदान एक पूर्ण दिवस, दहा ते पाच, घरच्या कॉम्प्युटरची डेपोशी जोडणी न तुटता चालू राहिली पाहिजे आणि पाच वाजता दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक डेपोत पोचलं पाहिजे. न जमल्यास सोमवारी कामावर हजर व्हावे.

परवानगी हवी होती बाबांसाठी. बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली आणि तेव्हापासून ते आतल्या खोलीत खाटेवर होते. मिनिट्यांची बायको शाळेत शिक्षिका. सकाळी सातला जायची, अडीचला यायची. मधल्या वेळात बाबांजवळ कुणीतरी हवं होतं, आणि रजा संपली होती.

परवानगी मिळाली नाही तर काय, याचीही सोय नवरा-बायकोने करून ठेवली होती. आदल्या रविवारी दोघं एक शुश्रूषा केंद्र बघून आली. बाबांना सांगितलं, पडद्याचं कापड बघायला जातो. केंद्र स्वच्छ होतं, माणसं बरी होती. पुढच्या सोमवारसाठी एक खाट राखून ठेवली. बाबांना सांगायचं की नाही यावर परत येताना चर्चा झाली.

“वेळ आली तर सांगू,” मिनिटे म्हणाले.

“आणि वेळ नाही आली तर?”

“तर सांगायला नको.”

ज्या माणसाने जन्मभर वेळेचं कोष्टक मांडलं, त्याने हे वाक्य बोलावं यात काही गैर आहे असं त्यांना त्या दिवशी वाटलं नाही.

वेळापत्रकाचा प्रोग्रॅम फार जुना. तो ज्याने लिहिला तो रिटायर होऊन कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं, आणि तो चालायचा फक्त जुन्या पद्धतीच्या विंडोजवर. घरचा कॉम्प्युटर नवा. यावर ऑफिसच्या सिस्टिमवाल्याने तोडगा काढला. सोमवारी सकाळी साडेआठला तो एक डिस्क घेऊन घरी आला.

“हे बघा मिनिटे, तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात मी एक दुसरा कॉम्प्युटर बसवतोय. खरा नाही, नुसता सॉफ्टवेअरचा. डेपोत जो आहे त्याचीच हुबेहूब नक्कल. बाहेरच्याला म्हणायचं यजमान, आतल्याला पाहुणा.”

“पाहुण्याला काही लागतं का?”

“काही नाही. यजमानाच्याच इंटरनेटवर तो डेपोशी बोलतो. नुसता चालू करायचा.”

चालू केला. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिच्यात डेपोतला तो ओळखीचा निळा पडदा आला, कोपऱ्यातल्या तारखेसकट. जोडणी लागली. सिस्टिमवाल्याने चहा घेतला आणि गेला. मिनिटे कामाला लागले. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, “कोण आलं होतं?” मिनिट्यांनी ओरडून सांगितलं, “ऑफिसचं काम होतं.” बाबांना ते देत असलेल्या उत्तरांची सरासरी लांबी तेवढीच असे.

बरोबर दहा वाजता जोडणी तुटली. पडद्यावर ओळ आली, तिचा अर्थ असा की यजमान सापडत नाही. मिनिट्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. यजमान तर समोरच बसला होता.

दुपारभर त्यांनी सिस्टिमवाल्याला फोन केले. तो म्हणाला, “सकाळी माझ्यासमोर चाललं होतं ना? मग तुमच्या घरच्या नेटवर्कचा प्रश्न आहे.” हे वाक्य त्याने तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा फोन उचलला नाही. मंगळवारी सकाळी साडेआठला पाहुणा निमूट बोलला आणि दहाला पुन्हा मुका झाला.

वरच्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक मॅनेजर राहत. दुसऱ्याच्या घरातल्या अडचणीचा वास त्यांना जिन्यात यायचा. ते मंगळवारी साडेदहाला खाली आले, चष्मा बदलला आणि मिनिट्यांच्या खुर्चीत बसले. मिनिटे स्वतःच्या घरात उभे राहिले.

“माझ्या जावयाकडे असंच झालं होतं,” मॅनेजर म्हणाले. “सेटिंगमध्ये तीन प्रकार असतात. एकात पाहुणा यजमानाच्या आडून बोलतो. दुसऱ्यात पूल बांधायचा, म्हणजे पाहुणा थेट रस्त्यावर. तिसऱ्यात दोघं एकमेकांतच बोलतात, बाहेर कुणाशी नाही.”

“यातलं आपल्याला कुठलं?”

“तेच तर बघायचंय.”

ते बघण्यात मंगळवार गेला. आडून बोलून झालं, पूल बांधून झाला, तिसरा प्रकार लावल्यावर पाहुणा आणि यजमान इतके एकमेकांत रमले की मिनिट्यांच्या बायकोचा फोनही बाहेर बोलेना. मॅनेजर म्हणाले, हा योगायोग आहे. बँकेतही योगायोगांवर त्यांचा फार विश्वास असावा.

बुधवारी त्यांनी राउटरच्या पाठीवरचं एक बारीक भोक शोधून काढलं. “यात सुई घालून दहा सेकंद दाबायचं. सगळं कोरं होतं.” मिनिट्यांनी टाचणी आणली. मॅनेजरांनी दाबली. सगळं कोरं झालं, त्यात कंपनीने घालून दिलेला पासवर्डही आला. राउटरवर एक तांबडा दिवा लागला आणि तो काही केल्या विझेना.

अडीचला बायको शाळेतून आली. चारपर्यंत तिला एका वर्गाचे गुण ऑनलाइन भरायचे होते.

“इंटरनेट कुठे गेलं?”

“येतंय,” मिनिटे म्हणाले.

“कुठून?”

मॅनेजरांना तेवढ्यात वर गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली. बायकोने पर्स पुन्हा खांद्याला अडकवली आणि ती गुण भरायला परत शाळेत गेली. जाताना काही बोलली नाही. मिनिट्यांना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

मग इंटरनेट कंपनीच्या मदतकक्षाला फोन. पंचेचाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी आली.

“सर, तुमच्या अर्जात एक कॉम्प्युटर लिहिलाय. काल आम्हाला दोन दिसले.”

“एकच आहे. दुसरा त्याच्या पोटात आहे.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. “सर, दुसरा नेमका कोणाच्या घरात आहे?”

“घरात नाही. म्हणजे घरातच आहे. पण तो नाहीये.”

मिनिट्यांनी उभ्या आयुष्यात सरकारी कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. पण आपण जे खरं बोलतोय ते ऐकायला किती वाईट लागतंय, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. मुलीने सगळं टिपून घेतलं आणि सांगितलं की जोडणीचा पासवर्ड देण्याआधी तपासणीस येतील.

तपासणीस गुरुवारी आला. सभ्य होता, चपला बाहेर काढल्या. शेजाऱ्यांना चोरून इंटरनेट देता का, असं त्याने सरळ विचारलं नाही, पण खिडकीबाहेर कुठे वायर जाते का ते वाकून पाहिलं. स्वयंपाकघर पाहिलं, माळा पाहिला. कपाट उघडायला सांगितलं. कपाटात मिनिट्यांच्या बनियनखाली कॉम्प्युटर निघाला नाही. मग तो आतल्या खोलीपाशी थांबला.

“इथे कोण?”

“माझे वडील. आजारी आहेत.”

“मला सगळ्या खोल्या लिहायच्या असतात.”

तो आत गेला. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांनी मान वळवली. तपासणिसाने नमस्कार केला, आणि मग गुडघ्यावर बसून खाटेखाली टॉर्च मारला. खाटेखाली बेडपॅन होतं, आणि ते अजून रिकामं करायचं राहिलं होतं.

“माफ करा,” तपासणीस उठत म्हणाला.

“कॉम्प्युटर सापडला का?” बाबांनी विचारलं.

मिनिट्यांनी बेडपॅन उचललं आणि त्या माणसासमोरून न्हाणीघरात नेलं. आयुष्यात पुष्कळ अपमान झाले होते, साहेबांनी भर मीटिंगमध्ये केलेलेही होते, पण ते सगळे एकीकडे आणि ती बारा पावलं एकीकडे.

तपासणिसाने लिहिलं, ‘दुसरा संगणक आढळला नाही.’ पण पासवर्ड मिळण्यासाठी या घरात एकच कुटुंब राहतं, असा बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा दाखला लागेल, असंही लिहिलं.

शुक्रवारी दुपारी सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले. रजिस्टरात घरातली माणसं दोन होती. बाबा गावाकडचं घर विकून येऊन चार वर्षं झाली, पण त्यांचं नाव लिहायचं राहून गेलं होतं. दरवर्षी राहायचं.

“मग यांची सही लागेल,” सेक्रेटरी म्हणाले आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. ते वाईट मनाचे नव्हते. पण शांत बसणं त्यांना जमत नसे. बाबांच्या हातात पेन देता देता ते मिनिट्यांकडे वळले. “पण मी म्हणतो, आता नाव घालून उपयोग काय? सोमवारी तर हे त्या केंद्रात जाणार ना? वहिनी परवा जिन्यात बोलल्या. मग महिन्याभरात नाव पुन्हा काढायचं, खाडाखोड नुसती.”

मिनिटे दारात उभे होते. चौकटीला धरलेला हात काढावा की राहू द्यावा, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात आला. बाबांनी पेनचं टोपण काढलं. सही पूर्वीसारखीच खाली रेघ ओढून केली. पेन परत दिलं.

“घाला नाव,” ते म्हणाले. “सोमवार अजून यायचाय.”

बायको आल्यावर मिनिट्यांनी तिला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“मी जाऊन बोलू का?”

“नको. मी बोलतो.”

पण ते बोलले नाहीत. दाखला पाठवला, पासवर्ड आला, राउटरचा दिवा हिरवा झाला, आणि हे सगळं करायचं असल्यामुळे बोलायला वेळच मिळाला नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

शनिवार उजाडला. शेवटचा दिवस. बायकोची शाळा सकाळचीच होती. साडेआठला पाहुणा चालू झाला. मिनिट्यांनी श्वास रोखून काम केलं. दहा वाजता ओळ आली. यजमान सापडत नाही.

ते खुर्ची मागे ढकलून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आतून हाक आली.

“इकडे ये.”

मिनिटे गेले. त्यांना वाटलं, आता केंद्राचा विषय निघणार. त्यांनी मनात दोन वाक्यं तयारही केली.

“तुझं नक्की काय बिघडलंय?” बाबांनी विचारलं.

“ते... नेटवर्कचं आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

“सांग तर.”

मिनिट्यांनी कंटाळत सांगितलं. पोटातला कॉम्प्युटर, यजमान, पाहुणा, पूल. बाबा डोळे मिटून ऐकत होते. तेहेतीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्ट काढत होते. हे मिनिट्यांना माहीत होतं, जसं बापाचा रक्तगट माहीत असतो तसं. गेल्या सहा दिवसांत त्यांनी मॅनेजरांना विचारलं होतं, औषधाच्या दुकानदाराला विचारलं होतं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा विचारलं होतं.

“सकाळी साडेआठला तुझं सुरळीत चालतं,” बाबा म्हणाले. “भिंतीतून ऐकू येतं मला. बटणं वाजत असतात, मधून शीळ घालतोस. दहा वाजले की शीळ थांबते आणि खुर्ची सरकते. इंटरनेट होतं ते चारही दिवस दहालाच. दहाला काय होतं?”

“काही नाही होत.”

“इथे नव्हे. तिथे. डेपोत.”

“ऑफिस उघडतं.”

“म्हणजे काय काय होतं? नीट सांग.”

“शिपाई कुलूप काढतो. दिवे लावतो. मग माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू कर...”

मिनिटे थांबले.

“आणि तुझा हा पाहुणा त्याचीच नक्कल,” बाबा म्हणाले. “नाव बदललंयत का? नंबर? नाही ना? मग एका नंबरावर दोन घरं. आमच्याकडे एकदा एका दवाखान्याचा आणि एका शिंप्याचा नंबर एक झाला होता. शिंपी रात्रपाळी करायचा. सकाळी तो झोपला की दवाखान्याचा फोन लागायचा, तो उठला की लोक त्याला दुखणं सांगायचे. चार दिवस सगळे केबल खणत होते. वायरीत काही नसतंच रे. असला घोळ रजिस्टरात असतो.”

मिनिट्यांनी सिस्टिमवाल्याला फोन लावला. त्याने पाचव्यांदा उचलला.

“अरे हो,” तो म्हणाला. “नाव आणि नंबर बदलायचा राहिला वाटतं माझ्याकडून. घ्या लिहून.”

बदलायला चार मिनिटं लागली. मिनिट्यांनी पाहुण्याला ‘डेपो-दोन’ नाव दिलं, नवा नंबर दिला, पुन्हा चालू केला. जोडणी लागली. साडेदहा वाजले, अकरा वाजले. दहा ते साडेदहाचा अर्धा तास साहेबांनी फोनवर माफ केला, आणि तसं करताना, “एवढ्याशा गोष्टीला आठवडा घेतलात,” असंही म्हणाले. पाच वाजता वेळापत्रक डेपोत पोचलं. मिनिट्यांनी आत जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, “छान झालं,” आणि भिंतीकडे वळले.

रविवारी सकाळी मिनिट्यांनी गॅलरीतून केंद्राला फोन केला. खाट नको आहे, आमची सोय झाली, असं सांगताना त्यांचा आवाज आठवड्यात पहिल्यांदा ताठ होता.

“पण आजोबांनी स्वतः काल फोन करून पक्कं केलंय,” पलीकडची बाई म्हणाली. “खिडकीजवळची खाट मागितली. तीही दिली आम्ही.”

बायको दारात उभी होती. “नंबर मी दिला,” ती म्हणाली. “त्यांनी मागितला. मला नाही म्हणता आलं नाही.”

मिनिटे आत गेले आणि खाटेच्या कडेला बसले.

“बाबा, परवानगी मिळाली मला. तुम्हाला कुठे जायला नको.”

“तीन महिन्यांची ना?”

“वाढवून घेईन.”

“म्हणजे पुन्हा पत्र, पुन्हा नऊ अटी.” बाबांनी पांघरूण सारखं केलं. “पडद्याचं कापड आणायला दोन तास गेलात आणि रिकाम्या हाताने आलात, तेव्हाच समजलो मी. म्हटलं, सांगेल. आठवडा वाट पाहिली. सांगितलं कुणी, तर सेक्रेटरीने.”

“मी सांगणारच होतो.”

“हो. वेळ आली की.” ते रागावलेले नव्हते, आणि तेच मिनिट्यांना सोसवेना. “मला तिथे जायची हौस नाही. पण कुणी सामानासारखं उचलून ठेवेपर्यंत थांबायचं नाही मला. मी आपला जातो.”

मिनिट्यांना पुष्कळ बोलायचं होतं. सहा दिवस मी हे तुमच्यासाठीच करत होतो, हे वाक्य तर अगदी जिभेवर आलं. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या सहा दिवसांत ते या खोलीत एकूण किती वेळ बसले, याचा हिशोब त्यांना मिनिटांत सांगता येईल. त्यांनी ते वाक्य गिळलं.

सोमवारी केंद्रातल्या टेबलावर फॉर्म आला. दाखल करणाऱ्याचं नाव, रुग्णाशी नातं. मिनिट्यांनी खिशातून पेन काढलं. चाकाच्या खुर्चीतून बाबांनी हात पुढे केला. पेन घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं, नात्यापुढे लिहिलं ‘स्वतः’, आणि खाली रेघ ओढून सही केली. टेबलामागची बाई काहीतरी म्हणणार होती. मिनिट्यांच्या बायकोने तिच्याकडे बघून मान हलवली, तशी तिने फॉर्म आपल्याकडे ओढला.

मंगळवारी मिनिट्यांनी साहेबांना फोन केला की आता मी ऑफिसात येऊ शकतो.

“आता कसे याल?” साहेब म्हणाले. “आदेश निघाला तुमचा. रद्द करायचा तर अर्ज करा, तो वर जाईल, पंधरा-वीस दिवस धरा. तोवर तुम्ही हजर झालात तर गैरहजर लावावं लागेल. आणि तुमच्या टेबलावर आता तिकिटांची मशीनं ठेवलीत.”

तेव्हा वडिलांची काळजी घेता यावी म्हणून मिळालेली परवानगी घेऊन मिनिटे रिकाम्या घरात काम करू लागले. पाहुणा आता एकदाही रुसला नाही. दहा वाजून जायचे, पडदा निळा तो निळाच. वरचे मॅनेजर एकदा डोकावले, सगळं ठीक चाललंय हे पाहून निराश झाले आणि गेले. पाच वाजता वेळापत्रक पाठवायचं, कुलूप लावायचं आणि केंद्राकडे जायचं.

आदेशाची ही गोष्ट त्यांनी बाबांना सांगितली नाही. त्या आठवड्यात शुक्रवारी ते पोचले तेव्हा बाबा खिडकीशी टेकून बसले होते.

“ऑफिसला जायला लागलास?”

“हो. मंगळवारपासून.”

“मग सव्वापाचला इथे कसा?”

मिनिटे स्टूल ओढून बसले. “बस लवकर आली.”

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. फॉल्ट कुठे आहे हे कळल्यावर माणूस पेटीचं झाकण लावतो तसं ते पुन्हा खिडकीकडे वळले.

“लवकर येणारी बस वाईट,” ते म्हणाले. “उशिरा आलेली निदान मिळते. लवकर आलेली चुकते लोकांची.”

“आमच्याकडे नियमच आहे तसा,” मिनिटे म्हणाले. “एक मिनिट उशीर चालतो, एक मिनिट आधी सोडली तर ड्रायव्हरला मेमो.”

“असं? ते का बरं?”

मिनिट्यांनी सांगायला सुरुवात केली. सात वाजता भेटायची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत दोघं त्यावरच बोलत होते.